फुटका टाळ कोणाचा?

गेल्या पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला आम्ही दिंडीबरोबर पायी त्र्यंबकेश्वरी निघालो होतो. नाशिक सोडून सातपूरच्या पुढे आलो. थंडी कडाक्याची, बोटे आखडलेली, आणि अशात एका मुलाच्या हातून टाळ निसटून डांबरी रस्त्यावर आपटला. उचलून वाजवून पाहिला तो बद्द! काशाचा टाळ, काठापासून मध्यापर्यंत बारीक तडा गेलेला. मुलगा कॉलेजात शिकणारा, स्वभावाने उदार. म्हणाला, "जाऊ द्या माऊली, त्र्यंबकला नवा घेऊ. दोन-चारशेची तर वस्तू." आणि तो टाळ रस्त्याकडेच्या गटारात टाकायला वळला.

आमचे विणेकरी बुवा पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांनी एवढेच विचारले, "बाळा, टाकतोस खरा, पण हा टाळ आहे कोणाचा?"

"दिंडीचा."

"आणि दिंडी कोणाची?"

"आपली सगळ्यांची."

"मग सगळ्यांना विचारलंस का? तुझ्याआधी ज्यानं हा वाजवला तो वैकुंठाला गेला. तुझ्यामागून जो वाजवील तो अजून जन्माला यायचाय. त्यांचं काय म्हणणं आहे?"

मुलगा हसला, आम्हीही हसलो. टाळ पिशवीत गेला, पुन्हा भजन सुरू झाले. पण बुवांचा प्रश्न काही आमच्या डोक्यातून गेला नाही. जो अजून जन्मालाच आला नाही, ज्याचे नाव नाही, गाव नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असलो तर ते कशाच्या आधारावर? वाचकहो, वरवर हा प्रश्न पंडितांचा दिसतो, पण तो आपल्या मोडीच्या पिशवीत पडलेला आहे.

प्रथम धातूचा स्वभाव पाहू. ज्वारी दरसाल उगवते. झाड तोडले तरी, बुद्धी शाबूत असेल तर, दुसरे लावता येते. तांबे उगवत नाही. पृथ्वीच्या पोटात ते जेवढे म्हणून आहे तेवढेच आहे, आणि त्यातले वरवरचे, सहज हाती लागणारे ते मागच्यांनी काढून घेतलेले आहे. आज जगातल्या बहुतेक तांब्याच्या खाणींत शंभर किलो दगड फोडला तर किलोभरसुद्धा तांबे निघत नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशात मलांजखंड म्हणून मोठी खाण आहे. देशातले तांब्याचे खनिज बव्हंशी तिथले आणि राजस्थानातल्या खेत्रीचे. तिथे डोंगराचा खड्डा झाला, आणि आता त्या खड्ड्याखाली बोगदे खणून तांबे काढू लागले आहेत. टाळाच्या काशात चार वाटे तांबे आणि एक वाटा कथील असते. त्या कथलाची तर आपल्याकडे आणखीच वानवा. देशात ते थोडेफार निघते ते छत्तीसगडात, बाकी सारे समुद्रापलीकडून येते. म्हणजे त्या मुलाच्या हातातली दोन-चारशेची वस्तू म्हणजे कुठला तरी फोडलेला डोंगर होता, एवढे मनात धरावे.

पण धातूचा दुसराही एक स्वभाव आहे आणि तो फार सुखाचा आहे. तो मरत नाही. धान्य खाल्ले की संपले, लाकूड जळले की राख. तांब्याचा हंडा मोडला, वितळवला, की पुन्हा तांबेच. आमच्या नाशकाइतके हे कोणास ठाऊक असणार? तांबट आळीत मठारण्याचा आवाज ऐकतच आमच्या पिढीचे कान तयार झाले. भांडी बाजारात मोड घालून नवे भांडे घेणे हा नाशिकच्या गृहिणीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. जुने भांडे तागडीत टाकायचे, त्याचे वजन धरायचे, घडणावळ आणि वरचा फरक तेवढा रोख द्यायचा. आमच्या आईचे घंगाळ असेच मोडीत गेले. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव घातलेले होते, लग्नाची तिथी होती, आणि आहेर कोणाकडून तेही होते. ते तागडीत पडले तेव्हा आम्हांस वाईट वाटले, हे कबूल करतो. दुकानदार म्हणाला, "नावाचं वजन धरत नाही हो, तांब्याचं धरतो." आम्हांस त्याचा राग आला होता. आता वाटते, तो अनवधानाने ब्रह्मज्ञानच सांगून गेला.

कारण नाव पुसून धातू पुढे जाण्याची रीत आमच्या प्रांतात काल-परवाची नाही. नाशिकपासून जवळच जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची, एका बाजूस त्याचा मुखवटा. पण त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आढळला. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने नहपानाचा पराभव केला, त्याचे राज्य घेतले, पण त्याची चांदी फेकून दिली नाही. त्याच नाण्यावर आपले चिन्ह उमटवले आणि नाणे पुन्हा बाजारात धाडले. शत्रूचा चेहरा अर्धामुर्धा खाली दिसतोच आहे! दोन हजार वर्षे होत आली या गोष्टीला. ज्याने जिंकले त्याचे राज्य गेले, ज्याचे हरले त्याचेही गेले. चांदी तेवढी १९०६ साली जशीच्या तशी.

आणि गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळातली घंटा आपण सर्वांनी पाहिलीच आहे. देऊळ १७४७ चे. घंटा मात्र मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली त्या विजयाची खूण म्हणून आली, असे सांगतात. म्हणजे फिरंग्यांच्या प्रार्थनेसाठी जी ओतली ती आज रामेश्वरापुढे टांगलेली आहे. ज्या ओतारीने ती ओतली त्याला नाशिक ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने चोख काम केले आणि ते अडीच-तीनशे वर्षांनी आमच्या कानी पडते आहे. ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याच्या उपयोगी पडता येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

यावर कोणी म्हणेल, "अहो, मग चिंता कसली? धातू मरत नाही म्हणता, तर पुढच्यांना तो मिळेलच." इथेच आपली फसगत होते. धातू मरत नाही पण हरवतो. हंडा मोडीत गेला तर तो तांबे म्हणून परत येतो. पण तेच तांबे केसासारख्या तारेत ओढले, ती तार बोटाएवढ्या यंत्रात बसवली, त्यात सोने, चांदी, कथील, निकेल आणि आम्हांस नावेही माहीत नाहीत असे धातू कणाकणाने मिसळले, वर प्लास्टिकचे आवरण चिकटवले, तर ते परत कसे आणायचे? साखर पाण्यात विरघळली म्हणजे नाहीशी होत नाही, पण चिमटीत धरून दाखवा पाहू! लोखंडाच्या भंगारात तांबे मिसळले तर ते पुढे काढता येत नाही आणि ते पोलाद हलक्या प्रतीचे होते, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे आपले बांधव सांगतील. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन मार्गी लागला तो चौथा हिस्साही नाही. आणि एक टन जुन्या फोनांत जेवढे सोने असते ते खाणीतल्या टनभर दगडातल्या सोन्याच्या कितीतरी पट असते! कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद पडली, आणि आम्ही नवी खाण उकिरड्यावर टाकीत चाललो आहोत.

नाशिकच्या सराफ बाजारात झारेकरी काम करीत. आजही कुठे कुठे करतात. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, एवढेच काय दारापुढच्या गटारातला गाळसुद्धा घेऊन जायचे आणि धूत बसायचे. दिवसभर पाण्यात हात. त्यातून गुंजभर सोने निघाले तरी त्यांची चूल पेटे. लहानपणी आम्ही त्यांना हसत असू. आज मोठमोठ्या देशांत विद्वान लोक कचऱ्यातून धातू काढण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहितात, तेव्हा आम्हांस त्या झारेकऱ्याची आठवण होते. मात्र त्याचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. आज जो हे काम करतो, तारा जाळून तांबे काढतो, तो आणि त्याची पोरे तो काळा विषारी धूर छातीत भरून घेतात. पुढच्या पिढीसाठी तांबे राखले जाते ते आजच्याच कोणाच्या तरी फुप्फुसाच्या मोलाने. अंबड-सातपूर रस्त्यावरचा भंगार बाजार २०१७ साली महानगरपालिकेने हटवला. अतिक्रमण होते, हे खरे. पण शहरात भंगार निघते तर त्याला रीतसर जागाही लागते. ती कुठे, याचा विचार तितक्या तत्परतेने झालेला आमच्या पाहण्यात नाही.

आता आपल्या संप्रदायातला माणूस एक आक्षेप घेईल आणि तो जोरदार आहे. तो म्हणेल, "महाराज, आमच्या संतांनी सोने मातीसमान मानले. तुम्ही तांब्या-पितळेचा हिशोब कसला मांडता? ही तर आसक्तीच झाली!" एका कीर्तनकार मित्राने आम्हांस खरोखरच असे सुनावले. आम्ही बरेच दिवस निरुत्तर होतो. मग नरहरी सोनारांचे स्मरण झाले. पंढरीचा हा भक्त सोन्याला लोभला नव्हता, तरी त्याच्या हातचा तराजू कधी सुटला नाही. विठ्ठलाच्या कमरपट्ट्याची कथा घराघरात ठाऊक आहे. माप कमी-जास्त होते म्हणून तो पुन्हापुन्हा जातो, पुन्हापुन्हा करतो. सोने फेकून देत नाही. आणि गोरोबाकाकांनी तर मातीच मळली! मातीसमान म्हणजे टाकाऊ, असे कोणी ठरवले? कुंभाराला विचारा, तो माती उधळतो का? सोने मातीसमान मानणे म्हणजे ते माझे आहे ही पकड सोडणे. आणि जे माझे नाही ते उधळण्याचा अधिकार मला आला कोठून? ज्याला आपण वैराग्य म्हणत होतो ते बेफिकिरी तर नव्हे, हे ज्याचे त्याने तपासावे. आम्ही आमचे तपासले तेव्हा ती बरीचशी बेफिकिरीच निघाली.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. "मी पैसे मोजले, वस्तू माझी, ठेवीन नाहीतर टाकीन." पैसे कशाचे मोजले? खाणीत उतरला त्याच्या घामाचे, आगगाडीच्या भाड्याचे, तांबटाच्या घडणावळीचे, दुकानदाराच्या नफ्याचे. तांबे कोणी केले? त्याचे पैसे कोणाला पोचले? आकार माणसाचा, धातू नाही. तेव्हा विकत घेतला तो आकार आणि काही काळाचा उपयोग. बाकीची ठेव आहे. आणि ठेवीची रीत खेड्यातली म्हातारीही जाणते. वापर म्हटले तर वापरावी, पण मागेल तेव्हा पुढे करावी.

हे केवळ आमचे कीर्तनी बोलणे नव्हे, न्यायासनाने ते एका मोठ्या प्रकरणात मान्य केले आहे. गोव्यात साखळी, डिचोली, सांगे हा सारा मुलूख लोहखनिजाचा. साखळीला विठ्ठलाचे देऊळ आहे आणि गोव्यातून आषाढीला पायी येणाऱ्या दिंड्या आपल्याला पंढरीच्या वाटेवर भेटतात. तिथे २०१० च्या सुमारास वर्षाला चार-पाच कोटी टन माती-दगड जहाजांत भरून परदेशी, मुख्यत्वे चीनला जात होता. गोवा फाउंडेशन ही संस्था न्यायालयात गेली. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक खनिज काढायचे नाही, अशी तूर्त मर्यादा घातली. आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीतला दहावा हिस्सा कायम निधीत ठेवायचा, तो पुढच्या पिढ्यांसाठी, असेही ठरवले. हिशोब साधा आहे. खनिज हे मुद्दल आहे. ते विकून आलेला पैसा उत्पन्न समजून खाल्ला तर मुलाने वडिलार्जित जमीन विकून चैन केल्यासारखे झाले. पण याचीही दुसरी बाजू सांगतो. खाणी थांबल्या तेव्हा ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, ज्यांची भाकरी त्यावर होती, त्यांच्या चुली विझल्या. न जन्मलेल्या नातवाच्या नावाने जन्मलेल्या मुलाला उपाशी ठेवणे, यालाही धर्म म्हणता येत नाही.

आम्हांस सर्वांत अवघड वाटते ते हेच. पुढच्यांसाठी राखायचे ते कोणाच्या ताटातले? आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन दऱ्या उतरतात. तिथे पंप बसवायचा, नळ न्यायचा, तर लोखंड लागणार, तारेला तांबे लागणार. त्यांना कोणी म्हणाले, "बाई, पुढच्या पिढीसाठी जरा थांबा," तर त्या बाईने त्याला दारात उभे करू नये! तिचा हक्क आधीचा आहे. उद्या सूर्याच्या उन्हावर वीज करायची, विजेवर गाड्या चालवायच्या, म्हणजे धूर कमी होईल, हेही चांगलेच. पण विजेच्या गाडीला साध्या गाडीच्या तीन-चार पट तांबे लागते, हेही कानांआड करता येत नाही. नुसते भंगार गोळा करून एवढी गरज भागायची नाही. खाणी लागणारच. म्हणून हिशोब गरिबाच्या नळापासून सुरू करायचा नसून आपल्या घरापासून करायचा आहे. घरात माणसे पाच, फोन आठ. दर दोन वर्षांनी नवा, का तर शेजाऱ्याने घेतला. कढई दुरुस्त होत नाही, पंखा दुरुस्त करणारा मिळत नाही, कल्हईवाला दिसेनासा झाला. जे सांधता येते ते फेकायचे आणि डोंगर फोडायचा, याला गरज म्हणवत नाही.

धर्माच्या नावानेही आपण हरवतोच. रामकुंडात नाणे टाकल्याशिवाय आपला हात राहत नाही. आम्हीही टाकली आहेत, पुष्कळ टाकली आहेत. पूर्वी तांब्याचा पैसा होता, तो पाण्यात बरा, असे म्हणत. आता एक-दोन रुपयांचे नाणे पोलादाचे. गोदाकाठची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून ती ओढून काढतात. पाच रुपयांचे पिवळे नाणे चुंबकाला दाद देत नाही, त्यासाठी बिचारी बुडी मारतात. भाविक नाक मुरडतात की गंगेला वाहिलेले ही मुले चोरतात. आम्हांस तर वाटते, गंगामाई त्या पोरांवरच अधिक प्रसन्न असेल. आपण गाळात घातलेले ती पुन्हा माणसांत आणतात.

राहिला मूळ प्रश्न, न जन्मलेल्याचे देणे. पंडित म्हणतात, जो नाही त्याला हक्क कसला? तर्काने त्यांना कोण हरवणार? पण वारकऱ्याने हे विचारावे हे नवल! सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. येत्या सिंहस्थात स्नान करणारे आज आहेत, त्यानंतर आणखी पाच-सहा सिंहस्थांनी स्नान करणारे बहुतेक अजून जन्मालाही आलेले नाहीत. तरी गोदेत घाण सोडू नये असे आपण म्हणतो ते कोणासाठी? नाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरीला निघते तेव्हा आज चालणाऱ्यांतला एकही जण ती वाट पाडणारा नाही. ज्यांनी पाडली त्यांना आपली नावे ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्याला पाहिले नाही, आपण त्यांचे काही केले नाही, तरी वाट आपल्या पायाखाली आहे. मागच्यांना फेडता येत नाही, ते तर गेले. मग ते ऋण ठेवायचे कुठे? ते पुढे सरकवण्यावाचून गती नाही. आम्हांस यापेक्षा मोठा पुरावा सापडला नाही, आणि वारी करणाऱ्याला याहून मोठा लागू नये असे वाटते.

यात्रेहून परतल्यावर तो टाळ आम्ही भांडी बाजारात नेला. मुलगा बरोबर होता. मोडीचे वजन झाले, भाव लागला, वरचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले आणि नवी जोडी घेतली. दिंडीच्या वहीत नोंद झाली. परत येताना त्याने खिशातून एक जुना फोन काढला, काचेला तडा गेलेला, बंद पडलेला. म्हणाला, "बुवा, टाळाला मोड आहे. याची मोड कुठे देतात?"

बुवांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, कायद्याने ती जबाबदारी आता बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या वस्तू परत घेण्याची केंद्रे असतात. "कुठे असतात?" मुलाने विचारले. भांडी बाजार सगळ्यांना माहीत, पण ते केंद्र आमच्या आळीत कोणालाच माहीत नव्हते. आमच्याही कपाटात असे तीन फोन आणि तारांचा गुंता पडून आहे. पुढल्या एकादशीपर्यंत पत्ता शोधून ठेवतो, असे आम्ही त्याला कबूल केले आहे, आणि दिंडीतल्या सर्वांनी घरचे काय असेल ते त्या दिवशी घेऊन यावे, असे बुवांनी सांगून ठेवले आहे.